आडोसा

सांगलीत जुलै-ऑगस्टमध्ये माणसं भेटली की 'कसं काय' विचारत नाहीत, 'किती झालं?' विचारतात. किती म्हणजे आयर्विन पुलापाशी कृष्णा किती फुटांवर आली. पूल 1929 सालचा. एरवी त्यावरून गाड्या जातात, पण पावसाळ्यात आम्हाला तो पूल वाटतच नाही, मोजपट्टी वाटतो. 40 फुटांवर इशारा, 45 वर धोका. हे दोन आकडे भाजीवालीपासून बँकेतल्या साहेबापर्यंत सगळ्यांना पाठ असतात. शिवाय प्रत्येकाचा एक खासगी आकडा असतो, ज्याच्या त्याच्या गल्लीचा. आमच्या गल्लीचा 54. 2005 च्या पुरात पाणी आमच्या चौकात येऊन वास घेऊन परत गेलं होतं, त्यामुळं पुढची 14 वर्षं 'आमच्याकडं येत नाही' असं आम्ही पाहुण्यारावळ्यांना छातीठोकपणे सांगत होतो.

2019 ला नागपंचमी 5 ऑगस्टला आली. पंचमीला आमच्यात चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा चुलीवर चढवायचा नाही. पुरणाची दिंडं उकडायची. बत्तीस शिराळा आमच्याच जिल्ह्यातलं, त्यामुळं या सणाचं अप्रूप जरा जास्तच. पण बायकांना पंचमी लाडकी असते ती लेकी माहेरी येतात म्हणून. त्या वर्षीही नदीकाठच्या गावागावांत माहेरवाशिणी येऊन पोचल्या होत्या. हातांवर मेंदी, झाडांना झोके, आणि पाणी चढतंय. पुढं निवाऱ्यांच्या याद्या झाल्या तेव्हा या मुलींची नावं कुणाच्याच यादीत बसेनात. माहेरच्या रेशनकार्डावरून लग्नात नाव कमी झालेलं, सासर दुसऱ्या तालुक्यात.

6 तारखेला सकाळी चौकात पाणी दिसलं, दुपारी दारात ट्रॅक्टर उभा राहिला. ट्रॉलीत आम्ही तिघं, म्हणजे मी, हे आणि सासूबाई. शेजारच्या वहिनी, त्यांची पंचमीला आलेली लेक आणि तिचं पाच महिन्यांचं बाळ. मी काय घेतलं असेल? उरलेल्या दिंडांचा डबा. सासूबाईंच्या साखरेच्या गोळ्या. चार्जर. कागदपत्रं खालच्या कपाटात राहिली, दागिने राहिले, पण दिंडं आली. वाया जाऊ नयेत म्हणून. यावरून मला पुढं कितीतरी दिवस घरातल्यांनी हसून घेतलं. त्यांचं हसणं मला लागलं नाही, कारण पहिल्या रात्री अकरा वाजता त्या डब्यावरच सहा जणांचं भागलं.

आम्हाला एका शाळेत उतरवलं. फळ्यावर पटसंख्या खडूनं लिहिलेली होती, मुलगे 21, मुली 19. त्या खोलीत आम्ही 43 माणसं. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं 2016 साली मदत छावण्यांसाठी किमान मानकं ठरवली आहेत, माणशी साडेतीन चौरस मीटर जागा, 30 जणांमागं एक शौचालय, बायकांसाठी ती वेगळी. हे मी खूप नंतर वाचलं आणि वाचल्यावर आधी हिशेब केला. वर्ग साधारण 20 बाय 25 फुटांचा. म्हणजे तिथं 13 माणसं बसतात. आता बाकीच्या 30 जणांनी कुठं जायचं हा प्रश्न त्या कागदाला विचारून उपयोग नाही, पाणीच तसं आलं होतं. जागेबद्दल माझी तक्रार नाही. दाटीवाटीत झोपायची आपल्याला लग्नघराची सवय असते.

माझी तक्रार कडीची आहे.

शाळेत मुलींच्या बाजूला चार शौचालयं होती. त्यांतल्या एकाला आतून कडी होती. दुसऱ्याला कडी होती पण तिचा कोयंडा गेलेला. उरलेल्या दोघांची दारं फुगलेली, लागायचीच नाहीत. दिवे मागच्या बाजूला नव्हते, आणि पहिल्या रात्रीपासून वीज गेली ती गेलीच. आता शेदोनशे बायका आणि एक कडी हे गणित तुम्हीच मांडा. पुरुष मंडळी पटांगणापलीकडं जाऊन मोकळी व्हायची. बायकांनी पहाटे साडेतीन-चारचा मुहूर्त धरला, पाचपाच सहासहाच्या जथ्यानं. एक आत, एक दार धरून, बाकीच्या बाहेर पाठ करून उभ्या. दिवसा कुणाला लागलं तर? कुणाला लागू नये याची व्यवस्था बायकांनी स्वतःच केली. पाणी प्यायचं बंद केलं.

सासूबाई तेव्हा 73 वर्षांच्या. मधुमेहाच्या माणसाला तहान किती लागते ते घरात असेल त्यालाच कळतं. त्या घोटभर पाणी तोंडात घ्यायच्या, चुळीसारखं फिरवायच्या आणि अर्धं टाकून द्यायच्या. मला वाटलं, बाटलीतल्या पाण्याची चव आवडत नसेल. तिसऱ्या दिवशी त्यांना थंडी वाजून ताप भरला. तपासणीला आलेली डॉक्टर मुलगी वयानं माझ्या भाचीएवढी, फार गोड. लघवीला जळजळ होते का, विचारलं. सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं, मग भिंतीकडं. डॉक्टर म्हणाली, "आजी, औषध देते, पण खरं औषध पाणीच. भरपूर पाणी प्या." सगळं शहर पाण्यात उभं होतं आणि त्या खोलीत एका म्हातारीला पाणी प्या म्हणून सांगावं लागत होतं. डॉक्टरनं त्या दिवशी याच दुखण्याच्या गोळ्या आमच्या एका वर्गात सात जणींना दिल्या, मी मोजलं.

मोजायचा नाद मला तिथंच लागला. व्हरांड्यात पुरुषांची दिवसभर आकड्यांची बैठक चालायची. कोयना धरणात 105 टीएमसी, म्हणजे 105 अब्ज घनफूट पाणी मावतं, मग आधी का नाही सोडलं. खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची पूर्ण पातळी 519.60 मीटर, त्याची फूग इथपर्यंत येते की नाही. किती क्युसेक आलं, किती गेलं. एकेक जण पाटबंधारे खात्यात नोकरीला असल्यासारखा बोलायचा. मी त्यांना नावं ठेवत नाही, ज्या पाण्यानं घर नेलं त्याचं गणित तरी आपल्या हातात असावं असं वाटत असेल. आत बायकांचे आकडे वेगळे चालले होते. बादल्या सहा, कडी एक, गरोदर तिघी, तान्ही बाळं पाच, पाळी चालू असलेल्या किती ते कुजबुजीत. हे आकडे व्हरांड्यात कधी पोचले नाहीत.

चौथ्या दिवशी आंघोळीचा प्रश्न आला. चार दिवस अंगावर तेच कपडे, त्यात ट्रॉलीतला चिखल. बाजूच्या गल्लीत भाजी विकणारी एक मावशी होती, मंडईत तीस वर्षं गाडा लावलेली, आवाज ठणठणीत. तिनं शाळेच्या टाकीमागची भिंत हेरली. भिंतीचा कोपरा एका बाजूनं, उरलेल्या बाजूनं साडी धरायची. चौघींनी चार टोकं. तिचा नियम असा, की धरणारीनं आत बघायचं नाही, बाहेरही बघायचं नाही, वर बघायचं. मी माझ्या पाळीला धरून उभी होते. आभाळ इतकं गच्च होतं की बघायला काहीच नव्हतं. वारा आला की साडीचं शीड व्हायचं आणि आतली बाई ओरडायची, मग सगळ्या हसायच्या. चार दिवसांत पहिल्यांदा मी इतक्या बायकांना एकदम हसताना ऐकलं. मावशी तांब्या ओतता ओतता आतून म्हणाली, "निवारा गावला बग, पर आडोसा न्हाई. आडोसा आपला आपुनच करायचा."

'आडोसा' हा शब्द मी तोवर कितीदा वापरला असेल, पण तो मला त्या दिवशी ऐकू आला. कागदोपत्री शब्द असतो निवारा केंद्र. निवारा पावसापासून. आडोसा माणसांपासून, आणि तो बाईला दिवसातून कितीदा लागतो. वहिनींच्या लेकीला बाळाला पाजायला दर दोन-अडीच तासांनी. तिनं फळ्याकडं तोंड करून, डोक्यावरून पदर ओढून, 43 माणसांकडं पाठ करून पाजायचं, आणि तेवढ्यात कुणीतरी 'जरा सरकता का' म्हणायचं. तिचं दूध आटलं. वहिनी म्हणत राहिल्या, खाणं कमी पडलं. खाणं कमी नव्हतं, खिचडी दोन वेळा पोटभर होती. तिला निवांतपणा नव्हता.

आणि फोटो. मदत घेऊन येणाऱ्या पोरांबद्दल मला मायाच आहे. कुठकुठून रात्रभर गाड्या चालवत आली होती. पण किट हातात देताना एक हात किटला आणि एक हात मोबाइलला. अवतार कसा, केस कसे, अंगावर कुणाची तरी मॅक्सी, त्यावर टॉवेल ओढणीसारखा घेतलेला, आणि 'ताई, इकडं बघा'. वहिनींच्या लेकीचा असाच एक फोटो तिच्या सासरच्या ग्रुपवर तिच्या आधी पोचला. दिरानं फोन करून विचारलं, "वहिनी, अशी वेळ आली का तुमच्यावर?" त्या पोरीनं पुढं येणारी सगळी किटं वहिनींना घ्यायला लावली.

8 ऑगस्टला ब्रह्मनाळची बातमी आली. पलूस तालुक्यातलं गाव, पुरातून माणसं बाहेर काढणारी बोट उलटली, आणि बुडालेल्यांत बायका आणि लेकरं जास्त होती. त्या रात्री वर्गात कुणी बोललं नाही. आमच्यातल्या कितीकजणींचा जन्म नदीकाठचा. लहानपणापासून घाटावर धुणं धुतलेल्या बायका आम्ही, कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहून गोधड्या पिळलेल्या. पोहता एकीलाही येत नव्हतं. भावांना पाठीला डबा बांधून काका-मामांनी कृष्णेत ढकललेलं, चार दिवसांत ते पोहायला लागलेले, आणि आम्ही काठावर त्यांचे कपडे सांभाळत बसलेलो. त्या रात्री अंधारात मावशी एवढंच म्हणाली, "साडीत पाय गुततो गं."

आता कपड्यांचं सांगते, म्हणजे माझी लाज सांगते. 2005 ला आम्ही कोरडे होतो तेव्हा मीही गाठोडं बांधलं होतं. जुन्या साड्या, विरलेले पंजाबी ड्रेस, ह्यांचे दोन शर्ट. चांगल्या घड्या घातल्या होत्या, वर कापराची वडी. 14 वर्षांनी अगदी तसंच एक गाठोडं आमच्या वर्गात उघडलं गेलं आणि मला तो कापराचा वास आला. त्यात साड्या अकरा. परकर एक. ब्लाउज चार, चौघी निराळ्या बायकांच्या मापांचे, आणि त्यांतला एकही आमच्यात कुणाला दंडात शिरेना. परकराशिवाय साडी नेसायची कशी, हे गाठोडं बांधणाऱ्या बाईला माहीत नव्हतं का? होतं की. मलाही होतं. मग मी 2005 ला परकर का घातले नव्हते? कारण परकर, आतले कपडे असलं काही दान करायचं असतं हे डोक्यातच आलं नाही. ते आपण फडक्याला वापरतो. दान चारचौघांत उघडतात, आणि चारचौघांत उघडायची वस्तू साडी.

सॅनिटरी पॅडचं मात्र बरं झालं होतं, खोकीच्या खोकी आली. शहरातल्या कॉलेजच्या मुलींनी गोळा केलेली. पण बदलायला पुन्हा तीच एक कडी, आणि टाकायला कुठं काहीच नाही. मुली वापरलेली पॅडं वर्तमानपत्रात, मग पिशवीत, मग पिशवीतल्या पिशवीत घालून उशाला ठेवून झोपायच्या. वयस्क बायका म्हणायच्या, आम्हाला सुती कापड द्या, जुनं लुगडं द्या फाडायला. ते धुवून वाळत कुठं घालणार हा प्रश्न आलाच. शेवटी मावशीनं टाकीमागं वीट रचून जाळायची जागा केली आणि पहाटेच्या जथ्याला हे एक काम वाढलं.

पाणी त्या वर्षी 57 फुटांच्या वर गेलं. आमच्या गल्लीच्या आकड्याहून साडेतीन फूट जास्त, म्हणजे घरात माझ्या छातीला लागेल इतकं. 14 तारखेला आम्ही शाळेतून बाहेर पडलो. दुसऱ्या दिवशी शाळेत झेंडावंदन, आणि त्याच दिवशी राखीपौर्णिमा.

घरी गेल्यावर काय दिसलं ते पूर पाहिलेल्यांना सांगायला नको आणि न पाहिलेल्यांना सांगता येत नाही. फ्रीज ओट्यावर आडवा झोपलेला. गव्हाच्या कोठीतले गहू फुगून कोठी फाटलेली. सगळ्यावर एकच रंग, गाळाचा, आणि तो वास. तो काढायला आम्हाला तीन आठवडे लागले, आणि 'आम्हाला' म्हणजे मला, सासूबाईंना आणि वहिनींना. ह्यांना दुकानाचा गाळ होता. गल्लीत ज्या धुणंभांड्याला जायच्या, त्यांचं तर विचित्रच. मालकिणीचं घर बुडालेलं, स्वतःचंही बुडालेलं. आधी मालकिणीचा गाळ काढायला जायचं, कारण तिथं पैसे मिळतात, आणि स्वतःचा संध्याकाळनंतर, मेणबत्तीवर.

वहिनींचं पिको-फॉलचं मशीन पाण्यात गेलं. पंधरा वर्षं त्या मशीनवर त्यांनी घर ओढलंय, भाऊजींच्या पगाराचं काही खरं नसायचं. पंचनाम्याला माणसं आली तेव्हा मी तिथं होते. पहिला प्रश्न, "मालक कुठायत?" भाऊजी आले. घर कुणाच्या नावावर, तर सासऱ्यांच्या, ते वारलेले. किती फूट पाणी, किती तास. वहिनी मधून म्हणाल्या, "माझं मशीन गेलं, साहेब." साहेब वाईट नव्हते, सकाळपासून त्यांनी किती घरं केली असतील. त्यांनी ते लिहून घेतलं. कुठं, तर भांडी-कपड्यांच्या ओळीत. समोरच्या टेलरच्या दुकानातलं तसंच मशीन व्यवसायाच्या नुकसानीत गेलं. वस्तू एकच, पण एक उंबऱ्याच्या आत आणि एक बाहेर.

मदत जाहीर झाली ती ग्रामीण भागात कुटुंबाला 10 हजार, शहरात 15 हजार. त्यातले 5 हजार आधी रोख. कुटुंबाला म्हणजे कुणाला, हे कुटुंबातल्या बायकांना बरोबर कळतं. गंमत अशी, की 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानं रेशनकार्डावर घरातल्या मोठ्या बाईला कुटुंबप्रमुख केलेलं आहे. म्हणजे 10 किलो गहू आणि 10 किलो तांदूळ आणायला रांगेत उभं राहायचं तर प्रमुख आम्ही. बँकेत पैसे यायचे तर खातं मालकांचं. वहिनींच्या बचत गटातल्या निम्म्याजणींना पैसे आल्याचं शेजारणीकडून कळलं. त्यात आठवड्याच्या हप्त्याची वसुली चालूच. गटातल्या कर्जावर सही बाईची असते, तिथं मात्र कुणी 'मालक कुठायत' विचारत नाही.

मावशीचं आणखी वेगळं. नवऱ्यानं टाकलेली, वीस वर्षांपूर्वी. भाड्याची खोली, तीही तोंडी. घर नाही म्हणून घराचं नुकसान नाही, आणि रेशनकार्डावर अजून नवऱ्याच्या घरात नाव. त्याचं घर उंचावर, कोरडं. त्यामुळं कागदावर मावशी कोरडी. गाडा वाहून गेला त्याचा कुठंच पुरावा नाही. आमच्याच जिल्ह्यात, कासेगावच्या इंदुताई पाटणकरांनी आणि स्त्रीमुक्ती संघर्ष चळवळीनं परित्यक्ता बायकांना स्वतःच्या नावाचं रेशनकार्ड मिळावं म्हणून कितीतरी वर्षं मोर्चे काढले. लग्नाआधी मला त्यांचं फार काही वाटायचं नाही. एका कार्डासाठी एवढं काय, असं. मावशीबरोबर त्या ऑक्टोबरमध्ये पाच हेलपाटे घातल्यावर कळलं की कार्ड हाही आडोसाच. तो नसला की बाई भर चौकात उघडी उभी, आणि कुणालाच दिसत नाही.

आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 चा. त्याच्या 12 व्या कलमात विधवा आणि अनाथ मुलांसाठी विशेष तरतुदी कराव्यात असं लिहिलंय, आणि 2016 च्या मानकांत तर पती गमावलेल्या बाईला 15 दिवसांत तसा दाखला द्यावा असंही. चांगलंच आहे, दाखल्यासाठी बाईनं वणवण करू नये. पण मी ते वाचून थोडी चिडले. कायद्याला बाई दिसायला तिचं कुंकू पुसावं लागतं का? वहिनींचा नवरा जिवंत, मावशीचा जिवंत, माझा जिवंत. आम्ही त्या कलमात कुठंच नाही.

2021 ला पुन्हा. या वेळी पाणी आमच्या उंबऱ्याला हात लावून गेलं, पण खरा घाव वर साताऱ्याच्या डोंगरांवर बसला होता. 22 जुलैच्या त्या पावसात महाबळेश्वरला 24 तासांत 594 मिलिमीटर पडला, आणि पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं डोंगर घरांवर आले. महिन्याभरानं आमच्या गटानं सामान नेलं कोयनेकडं. यंदा मी शहाणी झाले होते. परकर, तेही नाड्यांसकट. ब्लाउज शिवलेले नाहीत, कापड आणि सुईदोरा. सुती जुनी लुगडी. बॅटऱ्या.

तरी माझं चुकलंच. एक तरणी मुलगी, विशीतली, सामान बघून झाल्यावर हळूच म्हणाली, "ताई, आरसा न्हाई का?" महिनाभर तिनं स्वतःचं तोंड बघितलेलं नव्हतं. केस अंदाजानं विंचरत होती. माझ्या पर्समधला छोटा आरसा मी तिला दिला, तो तिनं तिथं नाही उघडला. भिंतीकडं गेली, पाठ केली, मग उघडला.

तिथं एक आजी भेटल्या, पंच्याहत्तरीच्या आसपास. त्यांच्याशी बोलताना मला वाटलं, विस्थापन हा शब्द आपण एकदाच घडणाऱ्या गोष्टीसाठी वापरतो ते काही खरं नाही. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा घर खाली नदीच्या कडेला होतं. मग धरण झालं, पाणी चढत आलं, तसं घर डोंगराकडं वर सरकलं. मग 11 डिसेंबर 1967, पहाटेचा भूकंप. त्यात घर बसलं, पुन्हा उभं केलं. मग 2021. "पयलं पाण्यानं उठवलं, मग भुईनं, आता डोंगरानं," त्या म्हणाल्या, आणि बोटं मोडावीत तशी तीन बोटं मिटली. प्रत्येक वेळी चूल कुणी मांडली असेल हे मी विचारलं नाही.

आमच्यातल्या एकीनं त्यांना विचारलं, नवं घर मिळेल तेव्हा कसं पाहिजे आजी? आमची समजूत, त्या शेत जवळ असावं म्हणतील, गोठा म्हणतील. पहिल्यांदा त्या म्हणाल्या ते म्हशीचंच, म्हशीची आठवण काढून डोळे पुसले. मग जरा वेळानं, आम्ही उठायला लागलो तेव्हा, पदर सारखा करत म्हणाल्या, "घर कसलं बी द्या. पत्र्याचं द्या. पर दाराला आतनं कडी असू द्या."

कुलूप सगळे देतात. ते बाहेरून लावायचं असतं.

आता आमच्या माळ्यावर एक पिशवी असते. मृग लागला की मी ती खाली काढते, झटकते, बघते. कागदपत्रं प्लॅस्टिकमध्ये, दोन संच. गोळ्या. बॅटरी. परकर तीन. सुती लुगड्याच्या चौकोनी घड्या. एक छोटा आरसा. आणि एक गडद निळी डबल चादर, जाड, आरपार न दिसणारी. तिला वहिनींनी नव्या मशीनवर कडेनं बंद शिवून दिलेत. मी चार म्हटलं होतं. त्या म्हणाल्या, "चारानं मध्ये झोळ येतो, वारा आला की उघडं पडतं." सहा शिवले. वहिनींच्या पिशवीतही तशीच एक आहे, आणि मावशीला आम्ही दोघींनी मिळून दिली. मावशी हल्ली तिचा गाड्यावर उन्हाला पडदा करते. तिला म्हटलं, अगं पुरासाठी ठेव. म्हणाली, पूर रोजचाच हाय.

सासूबाई आता नाहीत. त्यांच्या गोळ्यांची जागा पिशवीत रिकामी होती, तिथं मी गेल्या पावसाळ्यात एक वस्तू ठेवली. त्या दिवशी 'किती झालं?' चे फोन सकाळपासून चालू होते, 36, 37, साडेसदतीस. मी हार्डवेअरच्या दुकानात गेले आणि एक कडी मागितली. दुकानदारानं विचारलं, "कुठल्या दाराला, ताई? दार लाकडी की पत्र्याचं?" मला सांगता येईना. म्हटलं, दोन्हीला बसेल अशी द्या.

घरी आल्यावर ह्यांनी पिशवीत डोकावून बघितलं. कडी, स्क्रू ड्रायव्हर, पुडीत बांधलेले स्क्रू. हसले. "शाळेच्या दाराला कडी बसवणार तू?"

"बसवणार."

"येतं का तुला?"

वहिनींच्या मोरीच्या दारावर दोनदा बसवून, काढून बघितलीय. स्क्रू चार लागतात. मी सहा घेतलेत.